ब्रेकमधील हवा आणि ‘नाही’चे ज्ञान

एखादी वस्तू आहे हे कसे जाणावे, हा प्रश्न प्रत्येक दर्शनाने विचारला आहे. परंतु एखादी वस्तू नाही हे कसे जाणावे, या प्रश्नासाठी भारतीय दार्शनिकांनी जितकी शाई खर्च केली तितकी अन्यत्र क्वचितच झाली असेल. ‘जमिनीवर घट नाही’ हे या चर्चेचे ठरलेले उदाहरण असून शतकानुशतके तेच ते वापरले गेल्याने ते काहीसे निर्जीव झाले आहे, कारण घट असला काय आणि नसला काय, त्यावाचून कोणाचे फारसे अडत नाही. त्याच्या जागी ‘ब्रेकच्या नळीत हवा नाही’ हे वाक्य घेतले, तर तोच जुना वाद एकदम निकडीचा होतो. सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवून ब्रेकमधली हवा काढणाऱ्या माणसाचे सारे श्रम अखेरीस या एका नकारात्मक वाक्यापाशी येऊन थांबतात आणि ते वाक्य खरे मानूनच तो कुटुंबाला गाडीत बसवतो. हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्याला कोणत्या ज्ञानाने मिळतो, आणि हाच प्रश्न देवाच्या असण्यानसण्याच्या वादात का पुढे यावा, हा येथील विषय आहे.

मोटारीचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. पेडलला जोडलेला दट्ट्या मास्टर सिलिंडरमधील द्रवाला ढकलतो, तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि तेथील दट्टे पॅडना तबकडीवर किंवा लायनरना ड्रमवर दाबतात. बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दिलेला दाब कमी न होता सर्व दिशांना पोचतो, हा यामागील नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच विचारवंताचा असून तो मांडणारा त्याचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या पात्राला दोन तोंडे असावीत, त्यांतील एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असावे, म्हणजे लहान तोंडावरचा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, अशी कल्पना त्याने तेथे केली आहे. ती मोटारीत उतरायला पुढे अडीचशेहून अधिक वर्षे लागली. या नियमाचा सारा भर द्रव दबत नाही यावर आहे. हवा मात्र दबते, आणि ती नळीत असली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याआधी तिलाच चेपण्यात खर्ची पडतो. हिशेब साधा आहे. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर भरते. नळीत एक घन सेंटिमीटर हवा असेल, तर ती दाबून नाहीशी झाल्यासारखी होईपर्यंत दट्ट्याला सुमारे ३.२ मिलिमीटर जास्त सरकावे लागते आणि पेडलची तरफ चारास एक या प्रमाणात असेल तर पाय सुमारे १३ मिलिमीटर अधिक खाली जातो. गॅरेजमध्ये ज्याला ‘पेडल सॉफ्ट लागतंय’ म्हणतात ते हेच.

हवा काढण्याची घरगुती रीत दोन माणसांची आहे. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून, जॅकने उचलून ती पक्क्या स्टँडवर ठेवतात, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे हा वेगळाच अविचार आहे. प्रत्येक चाकाच्या कॅलिपरवर किंवा ड्रममागील व्हील सिलिंडरवर एक पोकळ स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. त्याला बहुधा आठ किंवा दहा नंबरचा रिंग पाना लागतो. निपलच्या तोंडावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेले ठेवतात. (बाजारात सर्वत्र ब्रेक ऑइल म्हणत असले तरी प्रचलित गाड्यांतील हा द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा असतो, आणि त्यात खरोखरीचे खनिज तेल पडले तर आतील रबरी सील फुगून निकामी होतात.) बसलेला माणूस पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबून अखेर दाबून धरतो, खाली वाकलेला माणूस निपल पाव ते अर्धा फेरा सैल करतो, द्रव आणि त्यासोबत बुडबुडे नळीत येतात आणि पेडल खाली जाते, निपल पुन्हा आवळले जाते आणि मगच पेडल सोडले जाते. शेवटचा क्रम उलटला, म्हणजे निपल उघडे असतानाच पाय उचलला गेला, तर बाहेर काढलेल्याहून जास्त हवा आत ओढली जाते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा असा जुना संकेत आहे; चालक उजवीकडे बसतो अशा आपल्याकडील गाड्यांत ते चाक साधारणपणे मागचे डावे असते, मात्र ज्या गाड्यांत नळ्यांची जोडणी तिरपी असते त्यांत कंपनीच्या पुस्तिकेतील क्रम वेगळा असू शकतो आणि तोच पाळावा लागतो. नळीकडे टक लावून बसण्याच्या नादात वरच्या टाकीतील द्रव संपला, तर हवा आता वरून आत शिरते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. हवेचा अभाव शोधण्याच्या कृतीनेच हवा उत्पन्न व्हावी, हा या कामातील जुना विरोधाभास आहे.

या कामातील ज्ञान दोघांत विभागलेले असते, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पेडलवरच्या माणसाला नळी दिसत नाही; नळी पाहणाऱ्याला पेडल जाणवत नाही. ‘दाब’, ‘धरून ठेव’, ‘सोड’ या खालून येणाऱ्या आणि ‘गेलं खाली’ या वरून येणाऱ्या शब्दांवरच दोघांचा व्यवहार चालतो. न्यायदर्शन ज्याला शब्दप्रमाण म्हणते, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या वचनाने होणारे ज्ञान, त्याचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. जे जसे आहे ते तसे जाणणारा आणि तसेच सांगणारा तो ‘आप्त’, असे न्यायाचे लक्षण आहे. त्यात नातेगोते, वय किंवा विद्वत्ता येत नाही. कंटाळलेला मुलगा पेडल पुरते तळाला गेलेले नसताना ‘गेलं’ म्हणाला, तर तेवढ्या क्षणापुरता तो बापाचा आप्त राहत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, नळीतून येणाऱ्या द्रवात बुडबुडे दिसेनासे झाले, एवढ्यावरून ‘हवा नाही’ हे कळले असे म्हणता येते काय? येथे दर्शनांचे मार्ग फुटतात. कुमारिल भट्टांच्या अनुयायी मीमांसकांच्या मते अभावाचे ज्ञान प्रत्यक्षाने होत नाही, अनुमानानेही होत नाही. त्यासाठी ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानावे लागते, आणि अद्वैत वेदान्तानेही हे सहावे प्रमाण स्वीकारले. नैयायिक ते स्वतंत्र मानीत नाहीत. न आढळण्याच्या साहाय्याने इंद्रियच अभावाचे ग्रहण करते असे ते म्हणतात. प्रभाकर मीमांसक तर अभाव नावाचा निराळा पदार्थच नाकारतात: त्यांच्या दृष्टीने ‘हवा नाही’ याचा अर्थ ‘नुसता द्रव आहे’ एवढाच. या तिघांचा वाद येथे निकालात काढण्याचे कारण नाही. महत्त्वाची आहे ती बहुतेकांना मान्य असलेली एक अट. कोणतेही न आढळणे अभाव सिद्ध करीत नाही. ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली तरच तिचे न दिसणे प्रमाण ठरते. या अटीला ‘योग्यता’ आणि अशा न आढळण्याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तेथे घट नाही असे कोणी म्हणत नाही, ते याच कारणाने.

ही अट ग्रंथात वाचताना क्षुल्लक वाटते. गाडीखाली तिचा कस लागतो. कॅलिपर दुरुस्तीसाठी काढून परत बसवताना कधी कधी डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे जातो. दोन्ही इतके सारखे असतात की ते बेमालूम बसतात आणि ब्रेकची नळीही जोडली जाते. फरक इतकाच पडतो की निपल, जे वरच्या अंगाला असायला हवे, ते खालच्या अंगाला येते. हवा द्रवापेक्षा हलकी असल्याने कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि निपल मात्र तळातील द्रव बाहेर सोडते. मग कितीही वेळा पेडल मारले, बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या केल्या, तरी नळीतून स्वच्छ, एकही बुडबुडा नसलेला द्रव येत राहतो आणि पेडल होते तितकेच मऊ राहते. डोळे उघडे, उजेड भरपूर, नळी पारदर्शक, पाहणारा सावध. सर्व काही असून योग्यता नाही, कारण हवा असती तरी ती त्या वाटेने दिसली नसती. उलट प्रकारही घडतो. एकट्याने काम करण्यासाठी निपलवर शोषक पंप लावून द्रव ओढतात तेव्हा निपलच्या आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा शोषली जाते आणि नळीत न संपणारे बुडबुडे दिसू लागतात. ते बुडबुडे खरे असतात, पण ज्याच्याबद्दल ते साक्ष देतात असे समजले जाते त्या ठिकाणचे नसतात. न्यायाच्या परिभाषेत ज्याचा अभाव सांगायचा ती वस्तू ‘प्रतियोगी’ आणि जेथे तो सांगायचा ते ठिकाण ‘अनुयोगी’. या दुसऱ्या चुकीत प्रतियोगी बरोबर ओळखलेला असतो आणि अनुयोगी चुकलेला असतो. पारिभाषिक शब्दांचा बडेजाव वाटावा असे हे वर्णन आहे खरे, परंतु बिघाड नेमका कोठे आहे हे त्याने एका वाक्यात सांगता येते, आणि हे थोडके नाही.

नळीतून न कळलेले पेडलवरून कळेल, असे कारागीर म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरेचसे योग्य आहे. येथे सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती उपयोगी पडतो. न्यायबिंदु या आपल्या छोट्या ग्रंथात त्याने अनुपलब्धीचे अकरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी एक ‘कार्यानुपलब्धी’ आहे: कार्य दिसत नाही, यावरून कारण नाही असे जाणणे. पेडल टणक लागते, म्हणजे मऊपणा हे कार्य नाही. म्हणून हवा हे कारणही नाही. परंतु धर्मकीर्तीने येथे एक मोलाचे बंधन घातले आहे. धूर नाही यावरून अग्नीच नाही असे ठरत नाही, फक्त ज्याच्या सामर्थ्याला अडथळा नाही असे धुराचे कारण तेथे नाही एवढेच ठरते, कारण धूर न देणारा निखारा तेथे असू शकतो. वरील हिशेब पुन्हा मांडला तर हे बंधन आकड्यांत दिसते. एक घन सेंटिमीटर हवेने पेडल १३ मिलिमीटर खाली जाते. त्याच्या दशांश हवेने ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाईल आणि बूट घातलेल्या पायाला ते कळणार नाही. टणक पेडल सांगते ते एवढेच, की पायाला जाणवेल इतकी हवा आत नाही. व्यवहाराला बहुतेक वेळा तेवढे पुरते, हे मान्य करूनही, ‘हवा नाही’ हे त्याहून मोठे विधान आहे आणि ते करणारा आपल्या प्रमाणाच्या पलीकडे गेलेला असतो.

याहून अवघड अडचण काळाची आहे. वैशेषिकांच्या परंपरेने पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात ते विद्यार्थ्यांसाठी सुटसुटीतपणे दिले असून यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेल्या १८९७ च्या मुंबईच्या आवृत्तीतून ते मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केले. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव हा प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. वायूत रूप कधीच नसते तसा तिन्ही काळांतील तो अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव, ज्याचा येथे संबंध येत नाही. हवा काढणारा जे साधतो तो प्रध्वंसाभाव: काल होते ते बुडबुडे आज गेले. त्याला हवा असतो अत्यंताभाव, म्हणजे या नळीत हवा कधीच नसावी, आणि तो कोणालाच मिळत नाही. परंतु ज्याची त्याला दखलच नसते तो असतो प्रागभाव.

कारण ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षे पाण्याचा अंश आत जात राहतो, विरघळतो, डोळ्यांना दिसत नाही आणि पेडलमध्येही जाणवत नाही. डॉट ४ प्रतीच्या ताज्या, कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो किमान १५५ अंशांवर येतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. सपाट रस्त्यावर याचे काही बिघडत नाही. खंडाळ्याहून बोरघाट उतरताना किंवा आंबोली, कुंभार्लीच्या वळणांवर चालक खालचा गिअर न टाकता सारा उतार ब्रेकवर काढतो, तेव्हा तबकडीची उष्णता कॅलिपरमधून द्रवात जाते, मुरलेल्या पाण्यासह तो उकळतो, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल तळाला टेकते. सकाळी पार्किंगमध्ये ‘हवा नाही’ हे विधान अक्षरशः खरे होते. ज्या बुडबुड्यांनी घात केला ते तेव्हा जन्मलेलेच नव्हते. शिवाय गाडी थंड झाली की वाफ पुन्हा विरून जाते, पेडल पूर्ववत टणक होते आणि तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. दोषाच्या आधी त्याचा प्रागभाव, नंतर त्याचा प्रध्वंस, आणि मध्ये काही सेकंद स्वतः दोष: अशा वस्तूचे न आढळणे दोन्ही वेळी खरे असूनही दोन्ही वेळी निरुपयोगी आहे. म्हणूनच केवळ बुडबुडे जाईपर्यंत न थांबता जुना, काळपट द्रव पुरता निघून नवा येईपर्यंत काम चालू ठेवावे आणि सुमारे दोन वर्षांनी ते पुन्हा करावे असे सांगितले जाते. त्यासाठी वापरायचा द्रवही सीलबंद डब्यातला हवा. वर्षभर फडताळात उघडा पडलेला डबा म्हणजे बाहेर काढलेला ओलावाच पुन्हा आत ओतणे.

योग्यतेची ही अट दार्शनिकांनी धारदार केली ती मात्र यंत्रांसाठी नव्हे, ईश्वरासाठी. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजली हा ग्रंथ ईश्वराच्या सिद्धीसाठी रचला आणि त्याच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, ईश्वराचा अभाव सिद्ध करू पाहणाऱ्या प्रमाणांचा समाचार घेतला. दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणणाऱ्या चार्वाकाला त्यांचे उत्तर थोडक्यात असे की, जो मुळात इंद्रियाने दिसण्याजोगाच नाही त्याचे न दिसणे योग्यानुपलब्धी होऊच शकत नाही. निपल खालच्या बाजूला असलेल्या कॅलिपरमधून स्वच्छ द्रव पाहणाऱ्यासारखी चार्वाकाची स्थिती ते ठरवतात. हे उत्तर बिनतोड आहे. मात्र ते किती सिद्ध करते हे पाहिले पाहिजे, आणि भक्तिपर लेखनात तेच बहुधा पाहिले जात नाही: नकाराचे प्रमाण मोडले म्हणून होकाराचे प्रमाण उभे राहत नाही. उदयनांना स्वतःला हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी पाचव्या स्तबकात कार्यावरून कर्त्याचे अनुमान इत्यादी स्वतंत्र युक्तिवाद दिले. त्यांच्या नावावर निर्धास्त होणारे पुष्कळदा तिसऱ्या स्तबकापाशीच थांबतात.

ज्याच्या नियमावर ब्रेक चालतो त्या पास्कललाही ‘नाही’च्या ज्ञानाने दोन बाजूंनी घेरले होते, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली असता वर जी रिकामी दिसणारी जागा उरते, ती खरोखर रिकामी आहे की नाही, यावर १६४७ मध्ये त्याचा एतियेन नोएल या जेझुइट पंडिताशी पत्रव्यवहार झाला. नोएलचे म्हणणे, तेथे न दिसणारे सूक्ष्म द्रव्य भरलेले आहे. पास्कलचे म्हणणे, तेथे काही आहे हे दाखवले जाईपर्यंत ती जागा रिकामीच मानली पाहिजे. पुढील वर्षी १९ सप्टेंबरला त्याच्या मेहुण्याने प्यूइ द दोम या डोंगरावर नळी नेली, तेव्हा उंचीवर पाऱ्याची पातळी खाली आली आणि पारा हवेच्या दाबाने उचललेला असतो हे दिसले. परंतु वरची जागा रिकामी आहे, हे त्यानेही सिद्ध झाले नव्हते. आणि हाच पास्कल आपल्या धर्मविषयक टिपणांत, जी १६७० मध्ये प्रसिद्ध झाली, ईश्वर हा लपलेला ईश्वर आहे आणि त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचा पुरावा नव्हे, असे आग्रहाने सांगतो. नळीतील न दिसणारे द्रव्य नाकारावे आणि जगातील न दिसणारा ईश्वर स्वीकारावा, यात विसंगती आहे असा आक्षेप घेता येतो. त्याला त्याचे स्वतःचे उत्तर असे असते की, सूक्ष्म द्रव्य ही अडचणीतून सुटण्यापुरती रचलेली कल्पना आहे आणि ईश्वराची साक्ष मात्र अन्य मार्गांनी, शास्त्रवचनाने आणि हृदयाने, मिळते. हे उत्तर पटो वा न पटो, त्याचा आकार उदयनांच्या उत्तराशी जुळतो: न दिसण्यावरून काही ठरत नाही, तेव्हा दुसरी साक्ष आणा. आणि ती दुसरी साक्ष तपासण्याची जबाबदारी तिथून सुरू होते.

येथवर आल्यावर संशयाला अंत कोठे, असे कोणी विचारील. कॅलिपर बरोबर आहेत, द्रव नवा आहे, पेडल टणक आहे. तरी एखाद्या बारीक बुडबुड्याची शंका कोणत्या क्षणी सोडावी? उदयनांचे उत्तर असे की संशय ‘व्याघाता’पर्यंतच टिकतो; व्याघात म्हणजे स्वतःच्या वागण्याशी येणारा विरोध. धुराचे कारण अग्नी आहे की नाही याचा संशय असलेला माणूस धूर हवा असताना विस्तव पेटवत नाही, आणि पेटवत असेल तर त्याला संशय नाही. बाराव्या शतकातील श्रीहर्षांनी खंडनखंडखाद्य या ग्रंथात हा डाव उलटवला: विरोध आहे म्हणायचे तर आधी संशय असायला हवा, कारण विरोध यायचा तो संशयाशीच. तर्कात श्रीहर्षांची सरशी होते असे म्हणावे लागते. कृती मात्र उदयनांच्या बाजूला झुकते, फक्त ती पायऱ्यापायऱ्यांनी करावी लागते. नैयायिक ज्ञानाचे प्रामाण्य ‘परतः’, म्हणजे बाहेरून, यशस्वी कृतीवरून ठरवतात: पाणी समजून गेलेल्याची तहान भागली तर ते ज्ञान खरे. ब्रेकच्या बाबतीत हा निकष अंगाशी येणारा आहे, कारण घाटात उतरून पाहणे ही परीक्षा नापास होण्याजोगी नाही. म्हणून जाणता कारागीर तहान थोडी थोडी भागवतो. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरायचे आणि ते हळूहळू खचते का पाहायचे. मग इंजिन सुरू करायचे, तेव्हा व्हॅक्यूम बूस्टरच्या मदतीमुळे पेडल थोडे खाली जाते, ज्याला नवखा माणूस हमखास बिघाड समजतो. मग प्रत्येक निपलभोवती ओल आहे का ते पुसून पाहायचे. मग आवारात चालण्याच्या वेगाने, आणि नंतर मोकळ्या रस्त्यावर. ज्या गाड्यांत एबीएस आहे त्यांच्या झडपांच्या आत हवा अडकली असेल, तर ती बाहेर काढायला अनेकदा त्या झडपा उघडणारे संगणकी उपकरण लागते आणि घरगुती प्रमाणे तेथे संपतात. त्यापुढे गॅरेजचा शब्द हेच प्रमाण.

इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्डने १८७७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात एका जहाजमालकाचे चित्र काढले आहे. जहाज जुने, दुरुस्तीला आलेले, मनात शंका, परंतु आजवरच्या सफरी आठवून आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना देव सांभाळीलच असे मनाशी घोकून तो ती शंका मारतो, मनापासून निश्चिंत होतो, आणि जहाज बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचा निवाडा कठोर आहे: जहाज सुखरूप पोचले असते तरी हा माणूस दोषी होता, कारण असा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. विल्यम जेम्सने १८९६ मध्ये याला दिलेले उत्तर, की जेथे पुरावा मुळात मिळूच शकत नाही आणि निर्णय टाळताही येत नाही तेथे माणसाने आपल्या ओढीने ठरवावे, धर्माच्या मोठ्या प्रश्नाला कदाचित लागू पडेल. जहाजाला लागू पडत नाही, कारण तेथे पुरावा मिळण्याजोगा होता आणि तो खर्चाचा होता म्हणून टाळला गेला. ब्रेकचे तसेच. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून तिची पूजा करण्याला या दृष्टीने आक्षेप घेण्याचे काही कारण नाही, कारण ती पूजा द्रवातील पाण्याविषयी काहीही सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करीत नाही. कृतज्ञता, मंगलेच्छा, आपल्या हातातील यंत्राविषयीचा आदर, हे तिचे क्षेत्र. ती क्लिफर्डच्या जहाजमालकाची प्रार्थना होते तेव्हाच, जेव्हा निपल उघडण्याऐवजी ती केली जाते. रामभरोसे हा शब्द मराठीने टिंगलीचा केला आहे, तो अशा वेळी रामाची टिंगल करीत नसतो.

राहता राहिला तो दुसऱ्यांचा प्रश्न. स्वतःपुरता धोका पत्करण्याचा अधिकार माणसाला असतो असे धरले, तरी रस्त्यावर असा स्वतःपुरता धोका शिल्लकच नसतो. घरच्या घरी केलेल्या कामावर सायकलवरचा मुलगा, पुढच्या वळणावरची एसटी आणि मागच्या सीटवरचे वृद्ध यांचा भार असतो आणि त्यांनी नळी पाहिलेली नसते. समजा, काम झाल्यावर दोनच दिवसांनी शेजारच्या काकांनी महाबळेश्वरला जायला गाडी मागितली आणि ब्रेक ठीक आहेत ना, असे विचारले. ‘एकदम ओके’ हे उत्तर तोंडात आधीच तयार असते. आप्ताचे लक्षण पाळणाऱ्याला वेगळे उत्तर द्यावे लागेल: चारही चाकांतून नवा द्रव येईपर्यंत काढला, बुडबुडे दिसायचे थांबले, पेडल टणक आहे, कोठे गळती नाही, गावात चालवून पाहिली, पण लांबच्या घाटात अजून उतरवलेली नाही, आंबेनळीकडून उतरायचे असेल तर गिअरवर उतरा. हे उत्तर ऐकून काका बहुधा दुसऱ्या कोणाची तरी गाडी मागतील, आणि त्या गाडीच्या मालकाने द्रव शेवटचा कधी बदलला होता हे त्याला कोणी विचारणार नाही.